खाशाबा जाधव, चार हजार रुपये आणि 'हार मानू नका'

हे आपल्या या वेळच्या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते आणि पाणी प्यायला थांबलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

तुम्ही ते व्हिडिओ बघितले असतील. मागे ढोल वाजतोय, एक खेळाडू पडतो, उठतो, घाम पुसतो, आणि खालून अक्षरं येतात: 'हार मानू नका'. वाईट काही नाही त्यात. पण मला नेहमी प्रश्न पडतो की हार न मानणारा माणूस त्या दिवशी, म्हणजे साध्या मंगळवारी दुपारी, नेमकं काय करत होता? जोर-बैठका? की अजून काही? म्हणून आज एकच माणूस घेऊ आणि त्याची चार-पाच वर्षं जरा जवळून बघू. खाशाबा दादासाहेब जाधव. १९५२, हेलसिंकी, बॅन्टमवेट फ्रीस्टाइल, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. एवढं शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात होतंच. बाकीचं मात्र नव्हतं.

जन्म १५ जानेवारी १९२६, सातारा जिल्ह्यात कराडजवळचं गोळेश्वर. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. म्हणजे घरात आखाडा आधीपासून होता. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. अंगकाठी छोटी. पैलवान म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर जो डोंगर उभा राहतो, तसं काही नाही. पुढे त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणायला लागले ते त्यामुळेच. त्यांची ढाक प्रसिद्ध होती. समोरच्याची मान बगलेत धरून त्याला उचलून टाकायचं, हा तो डाव.

आता कोल्हापूर. हा तपशील महत्त्वाचा आहे, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. कोल्हापुरात कुस्ती वाढली ती राजाश्रयावर. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, तालमींना मदत केली, देशभरातले पैलवान आणून ठेवले. पैलवान पोसणं म्हणजे खरंच पोसणं. दूध, तूप, बदाम, थंडाई, रोजचा खुराक. शेतकऱ्याच्या पोराला तो घरून परवडत नाही. मैदान मारलं की इनाम मिळतं, पण ते मिळेपर्यंत कोणीतरी पाठीशी लागतं, आणि कोल्हापुरात ते कोणीतरी म्हणजे दरबार असायचा. खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी दिला. व्यवस्था जुनी होती, पण चालत होती.

लंडनला पोहोचल्यावर पहिली गडबड काय, तर माती नाही. गादी. ज्यांनी कुस्ती बघितलीय त्यांना कळेल हा फरक किती मोठा आहे. मातीत पाय रुततो, पकड वेगळी बसते, घामाने भिजलेलं अंग माती लावली की हातात धरता येतं. आणि आपल्याकडच्या मैदानात पाठ लागली की कुस्ती संपली, एवढा सरळ हिशोब. गादीवर गुण, वेळ, पंच, सगळंच नवीन. खाशाबांना तिथे अमेरिकेचे माजी लाइटवेट विजेते रीस गार्डनर यांनी शिकवलं. परक्या देशातल्या खेळाडूला असं हाताला धरून शिकवणारा माणूस भेटणं, हे नशीबच म्हणायचं. पहिली कुस्ती ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसशी, ती काही मिनिटांतच जिंकली. मग अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. पुढे इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक.

सहावा! वय बावीस. इथे बरेच लोक खूश होऊन घरी आले असते, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

खाशाबा परत आले आणि त्यांनी दोन गोष्टी बदलल्या. वजनगट बदलला, बावन्न किलोच्या फ्लायवेटमधून सत्तावन्नच्या बॅन्टमवेटमध्ये गेले. आणि सराव बदलला, लंडनला शिकलेले गादीवरचे डाव घोटायला घेतले. मला ही चार वर्षं त्यांच्या सगळ्या गोष्टीतली सगळ्यात शिकण्यासारखी वाटतात, आणि व्हिडिओत ती कधीच येत नाहीत, कारण त्यात दाखवण्यासारखं काही घडत नाही.

आमच्या कामात एक प्रकार असतो. एखाद्या सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवली आणि ती फेल झाली, तर कोड परत पाठवतो. त्याला रिट्राय म्हणतात. नवीन माणूस कोड लिहितो तेव्हा तो काय करतो, तर फेल झाली की लगेच तीच रिक्वेस्ट तशीच परत, परत, परत. बिचारा सर्व्हर आधीच दमलेला असतो, तो अजून कोसळतो. थोडा अनुभव आला की माणूस आधी एरर वाचतो. नेटवर्क गेलं होतं का? मग थांबून परत पाठव. रिक्वेस्टच चुकीची होती का? मग शंभर वेळा पाठवून उपयोग नाही, ती बदल. खाशाबांनी लंडनचा एरर नीट वाचला होता, असं मी म्हणेन. (कुस्तीच्या जाणकारांनी या तुलनेबद्दल मला माफ करावं.)

पण ते तयारी करत होते तेवढ्यात त्यांच्या पायाखालची व्यवस्थाच गेली. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. देशासाठी योग्यच होतं ते. पण एका पैलवानाच्या बाजूने बघा. चार वर्षांपूर्वी ज्या दारात गेल्यावर प्रवासखर्च मिळाला, ते दार आता तसं राहिलं नव्हतं. त्या जागी सरकार आलं. आणि खेळाडूंना परदेशी पाठवायचं तर पैसे कुठल्या खात्यातून, कोणाच्या सहीने, हे सरकारलाही अजून ठरवायचं होतं. देश नवीन होता, अन्नधान्याचे प्रश्न होते, कुस्ती कोणाच्या यादीत वर असणार? मी हे कोणाला माफ करायला सांगत नाहीये, फक्त परिस्थिती सांगतोय.

त्याआधी निवडीचाच घोळ झाला. मद्रासला राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबा निरंजन दासकडून एका गुणाने मागे पडले. पंचांचा निर्णय चुकीचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. एका गुणाने ऑलिम्पिक गेलं! आता इथे 'हार मानू नका' म्हणजे काय करायचं? अजून हजार बैठका मारून गुण परत मिळत नाही. खाशाबांनी दाद मागितली, आणि थेट पतियाळाच्या महाराजांकडे. यादवेंद्र सिंह तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांना स्वतःला खेळाची समज होती. त्यांनी दोघांची कुस्ती परत लावली. खाशाबांनी निरंजन दासला चीतपट केलं, म्हणजे गुण मोजायचा प्रश्नच ठेवला नाही. हेलसिंकीचं नाव पक्कं झालं.

इथे मी जरा थांबतो. आपल्याकडे, विशेषतः मध्यमवर्गीय मराठी घरांत, दाद मागणं जरा कमीपणाचं समजलं जातं. 'जाऊ दे ना', 'कशाला वाद', 'आपण आपलं काम करत राहायचं, फळ मिळतं'. मी स्वतः असं वाढलोय. ऑफिसात अप्रेझलला कमी मिळालं तर आमच्यातले निम्मे लोक चहाच्या टपरीवर बोलतात आणि ज्याने निर्णय घेतला त्याला एक ओळीचा मेल करत नाहीत. खाशाबांचं गप्प न बसणं मला म्हणूनच त्यांच्या ढाकेइतकं भारी वाटतं. त्यांनी कुरकुर केली नाही. ज्याच्या हातात निर्णय होता त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, परत कुस्ती लावा. मागितली काय, तर संधी. आयतं नाव मागितलं नाही.

आता पैसे. निवड झाली, पण जायचा खर्च स्वतः उभा करायचा. खाशाबांनी मुंबई सरकारकडे चार हजार रुपये मागितले. मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. मदत नाकारली गेली, आणि खेळ झाल्यावर या, असं उत्तर मिळालं, ही गोष्ट कराडकडे आजही सांगतात. खेळ झाल्यावर! स्पर्धेला जायला पैसे हवेत आणि उत्तर आलं की जाऊन आल्यावर बघू.

मग वर्गणी. गोळेश्वर, कराड, आजूबाजूची गावं. दुकानदार, शेतकरी, ज्याला जे जमेल ते. आणि सगळ्यात मोठी रक्कम आली राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांच्याकडून. त्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. तुम्ही हे वाक्य परत एकदा वाचा. कॉलेजचा प्राचार्य, आपल्या एका माजी विद्यार्थ्यासाठी, पदक मिळेल याची काहीही खात्री नसताना, राहतं घर गहाण ठेवतो. खाशाबांच्या जिद्दीवर पुष्कळ बोललं जातं, बोलायलाही हवं. पण सरांच्या घरी त्या रात्री काय बोलणं झालं असेल, याचा विचार मी बऱ्याचदा करतो. हरले असते तर? घर सरांचं होतं.

तर जुलै १९५२, हेलसिंकी. हे ऑलिम्पिक जरा खास होतं. सोव्हिएत संघ पहिल्यांदा उतरला होता, आणि १९४८ ला बाहेर ठेवलेला जपान परत आला होता. खाशाबांच्या गटात दोघांचेही तगडे पैलवान. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला हरवलं, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोला चीत केलं, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला गुणांवर हरवलं. शेवटी पदकांसाठी उरले तिघं: जपानचा शोहाची इशी, सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव आणि आपले खाशाबा.

इशीबरोबरची कुस्ती पूर्ण पंधरा मिनिटं चालली. थोडक्या गुणांनी खाशाबा हरले. आणि गादीवरून उतरतायत तोवर सांगण्यात आलं, लगेच मम्मदबेयोवशी खेळा. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला त्या क्षणी तिथे भारताचा एकही अधिकारी नव्हता. खाशाबा तसेच उतरले. दमलेले होते, हरले. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै.

मद्रासला दाद मागायला पतियाळाचे महाराज होते. हेलसिंकीला कोणीच नव्हतं. खेळाडू तोच, जिद्द तीच. अर्धा तास मिळाला असता तर रौप्य आलं असतं का, हे कोणी सांगू शकत नाही आणि मीही सांगणार नाही. पण तो अर्धा तास त्यांच्या हक्काचा होता.

इशीबद्दल पण दोन वाक्यं सांगतो, कारण मला ही गोष्ट फार आवडली. तो मूळचा ज्युडोवाला. युद्ध हरल्यावर अमेरिकेच्या ताब्यातल्या जपानमध्ये ज्युडोवर बंदी आली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. आणि हेलसिंकीत जपानला जे एकमेव सुवर्ण मिळालं ते त्याचं. म्हणजे त्या गादीवर जे दोघे समोरासमोर होते, त्यातला एक माती सोडून आलेला आणि दुसरा अख्खा खेळच सोडून आलेला. सोडणं आणि चिकटून राहणं यांच्यात आपण जेवढी मोठी भिंत मानतो, तेवढी ती नसावी.

अजून एक नाव. केशव माणगावे. कोल्हापूरचेच पैलवान, त्याच ऑलिम्पिकला, खाशाबांच्या वरच्या वजनगटात. चौथे आले. पदकाच्या एक पाऊल अलीकडे. तुमच्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलं होतं? मी हा भाग तयार करेपर्यंत ऐकलं नव्हतं. तालीम त्यांनीही केली, गादी त्यांनीही शिकली, पैशांची ओढाताण त्यांच्याही वाट्याला आली असणार. म्हणून 'हार मानली नाही म्हणून जिंकले' हे वाक्य मला पूर्ण पटत नाही. आपण जिंकलेल्यांकडे बघून उलटा हिशोब मांडतो. चौथ्या क्रमांकाच्या माणसाला कोणी भाषणाला बोलावत नाही, नाहीतर हिशोब जरा वेगळा लागला असता.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण हा भाग ऐकणाऱ्यांत स्पर्धा परीक्षावाले बरेच आहेत. पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून चौथा, पाचवा प्रयत्न देणारे. त्यांना घरून, क्लासवाल्यांकडून, भिंतीवरच्या पोस्टरवरून एकच सांगितलं जातं की सोडू नको. सांगणाऱ्याचं काही जात नाही. जागा किती आहेत आणि फॉर्म किती आलेत, हे पोस्टरवर लिहिलेलं नसतं. तर मित्रांनो, खाशाबांचं उदाहरण द्यायचं असेल तर पूर्ण द्या. १९४८ ते १९५२ मध्ये त्यांनी नुसता अजून एक प्रयत्न दिला नव्हता, काय चुकलं ते बघून गट आणि पद्धत दोन्ही बदलली होती. आणि १९५५ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, ते पोलिस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढचं ऑलिम्पिक गेलं, १९५६ च्या मेलबर्नला ते नव्हते. त्यांनी नोकरी केली, संसार केला, खात्यातल्या पोरांना खेळ शिकवला. याला कोणी हार म्हणेल का?

पदक घेऊन परत आले तेव्हाची मिरवणूक तर दंतकथाच झालीय. १५१ बैलगाड्या होत्या असं सांगतात, आणि एरवी पंधरा मिनिटांत जाता येईल अशा रस्त्याला सात तास लागले. दिल्लीत वगैरे फार काही झालं नाही. आदल्या-दुसऱ्या दिवसाचा फरक बघा, २४ जुलैला हॉकी संघाने हॉलंडला ६-१ ने हरवून सुवर्ण घेतलं होतं, त्यातले पाच गोल बलबीर सिंगांचे. देशाचं लक्ष तिकडे. कराडने मात्र आपल्या माणसाला डोक्यावर घेतलं, ज्याला वर्गणी दिली तो पदक घेऊन आला होता.

आणि मग खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली. स्वतः उतरले, स्वतःच्या कुस्त्या मारल्या, आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचं कर्ज फेडलं. सरांचं घर सुटलं. ऑलिम्पिक पदकविजेता गावोगावच्या मैदानात उतरतोय तो उधारी चुकवायला! मला विचाराल तर हेलसिंकीइतकीच मोठी कामगिरी ही आहे. इथे पंच नव्हते, गुण नव्हते आणि कोणी सक्तीही केली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते ऐकायला बरं वाटत नाही. पोलिस खात्यात बढत्या रखडल्या, सेवेच्या अगदी शेवटी ते सहायक पोलिस आयुक्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. म्हणजे परत अर्ज. १९८२ च्या दिल्ली एशियाडला मशालीच्या दौडीत त्यांना सहभागी केलं, तेवढा एक मान. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्ता अपघातात गेले. वय अठ्ठावन्न. त्यानंतर वैयक्तिक पदक भारताला मिळालं थेट १९९६ साली, अटलांटात, लिएंडर पेसचं. म्हणजे हेलसिंकीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी. कुस्तीत पुढचं पदक तर २००८ ला, सुशील कुमारचं. तोपर्यंत हा माणूस एकटाच होता त्या यादीत, आणि हयातीत अर्जुन पुरस्कारसुद्धा नाही. तो मिळाला २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं, महाराष्ट्र सरकारने १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. सगळं झालं, पण ते गेल्यावर.

गोळेश्वरला त्यांच्या नावाने कुस्ती संकुल व्हायचं होतं. घोषणा झाली, वर्षं गेली, काम पुढे सरकेना. २०१७ साली त्यांच्या कुटुंबाने जाहीर केलं की सरकारला जमत नसेल तर आम्ही हेलसिंकीचं पदक लिलावात काढतो आणि त्या पैशांतून संकुल बांधतो. पासष्ट वर्षांनी परत तोच प्रश्न, पैसे कोण देणार. पद्म पुरस्कारासाठीही घरचे आणि कराडकर वर्षानुवर्षं निवेदनं देत आले आहेत.

कराडला गेलात तर गोळेश्वर अगदी जवळ आहे. त्यांच्या घराचं नाव 'ऑलिम्पिक निवास'. आणि प्राचार्य खर्डेकरांबद्दल कोणाच्या घरात आठवणी असतील, राजाराम कॉलेजचे त्या काळातले कोणी विद्यार्थी तुमच्या आजोबांच्या पिढीत असतील, तर मला जरूर कळवा. त्यांच्यावर एक स्वतंत्र भाग करायची फार इच्छा आहे. भेटू पुढच्या भागात.